पंख्याचा सूर आणि अठ्ठेचाळीस नळ

आयुष्यात मला एकदाच शाल-श्रीफळ मिळायचं होतं, आणि ते का मिळालं नाही हे आमच्या वस्तीत आजही कुणाला नीट ठाऊक नाही. लोकांना एवढंच आठवतं, की मी काहीतरी शास्त्रीय उद्योग मांडला, तो फसला आणि ऐन जयंतीच्या तोंडावर मी स्वतःचं हसं करून घेतलं. त्यात खोटं काहीच नाही. फक्त फसला तो उद्योग नव्हता, फसलो होतो मी. ज्यांच्यासाठी तोंड मिटून बसलो ते आता नाहीत, म्हणून लिहितो.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो, दुसऱ्या वर्गात, आणि पिंपरीच्या एका कंपनीत मापं तपासायच्या खात्यात लागलो होतो. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, गेज लावायचं, केसभर जरी चूक असली तरी बाजूला काढायचा. आठ तास दुसऱ्यांच्या चुका काढून मला त्याची इतकी सवय झाली होती, की घरी आल्यावरही मी कुणाला सोडत नसे. खिशाला दोन पेनं लावायचो. एक लिहीत असे, दुसरं का होतं ते आता आठवत नाही. वस्तीतली माणसं मला ‘सायंटिस्ट’ म्हणत, आणि म्हणताना ती एकमेकांकडे बघून हसतात हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली.

माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास नगर जिल्ह्यातलं गाव सोडून इकडे आले. कारखाने नवे होते, माणसं हवी होती. दादा घणाच्या खात्यात लागले. लालभडक लोखंड ऐरणीवर ठेवायचं आणि वरून यंत्राचा घण आदळायचा. असं पंधरा वर्षं त्यांनी केलं. पण वस्तीत त्यांची ओळख कामगार म्हणून नव्हती. विहाराच्या गायनपार्टीत ते पुढे बसत. पेटी, ढोलकी, मागे सहा-सात जणांचा कोरस, आणि पुढे दादा. त्यांनी स्वतः रचलेलं एक गाणं होतं, गाव सोडून पिंपरीला आल्याचं. त्याची पहिली ओळ साथीशिवाय, एकदम वरच्या सुरावर उचलायची असे. पेटी आणि ढोलकी मागाहून येऊन मिळायची. दर जयंतीला कार्यक्रम त्याच ओळीने सुरू व्हायचा, आणि दादांनी ती ओळ उचलली की मागच्या रांगेतली मुलंसुद्धा गप्प बसायची.

आमच्या विहाराच्या पटांगणाला लागून पॉलिशचा एक कारखाना होता. मालक तिथल्याच जुन्या गावकीतला. शेताच्या कडेला पत्र्याच्या शेड टाकून त्याने स्कूटरचे भाग चकाकवायचं काम धरलं होतं. पॉलिशची काळी धूळ बाहेर फेकायला त्याने एक भला मोठा पंखा बसवला होता आणि त्याचं तोंड होतं आमच्याकडे. शेडची भिंत आणि विहाराची भिंत यांच्यामध्ये सात फूट रुंद बोळ होती, वरून पत्र्याने झाकलेली. पंखा त्या बोळीत हवा फेकायचा आणि बोळ आमच्या पटांगणात उघडायची. सकाळी आठ ते रात्री आठ एकच शिट्टी, एकाच उंचीची, न थांबता. तान्ही मुलं तिच्यात झोपायला शिकली होती. बायका ओरडून बोलायला शिकल्या होत्या.

मी मालकाला चार अर्ज दिले, चारही शुद्ध मराठीत. मालकाने चौथा अर्ज वाचला आणि मला बोलावून घेतलं.

“वाचाया लय ग्वाड वाटतंया,” तो म्हणाला. “पर आमी करायचं काय? पंखा बंद केला तर पोरं धुळीनं खोकून मरत्याल. भिंत बांधली तर हवा कुटनं जायाची? तुमी शिकलेलं हायसा, हवा जाईल आन् आवाज जायाचा न्हाई अशी भिंत असंल तर सांगा. मी जागा देतो.”

तो चेष्टा करत होता. पण मी ते आव्हान मानलं, कारण मला तोवर एक गोष्ट दिसली होती आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं पोट दुखत होतं.

आमच्या कंपनीच्या आवारात लोखंडी पाइप तिवईसारख्या लाकडी घोड्यांवर रचून ठेवलेले असत. थरावर थर, मध्ये सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या, सगळं अंतर कसं एकसारखं. एकदा दुपारी त्या रचाईच्या मागे उभा राहून मी विडी ओढत होतो. समोरच्या बाजूला हवा दाबायच्या यंत्राची शिट्टी चालू होती आणि स्टोअरकीपर कुणाला तरी शिव्या घालत होता. माझ्या कानावर शिव्या अगदी स्पष्ट येत होत्या, शिट्टी मात्र येत नव्हती. मी रचाईच्या बाहेर गेलो, शिट्टी आली. परत आत गेलो, शिट्टी गेली, शिव्या तशाच. असं मी सात-आठ वेळा आत-बाहेर केलं, तेव्हा स्टोअरकीपरने शिव्यांचा मोर्चा माझ्याकडे वळवला.

कॉलेजात आम्हाला स्फटिकांचा धडा होता. स्फटिकातले अणू सारख्या अंतराच्या थरांत बसलेले असतात आणि त्यामुळे क्ष-किरण ठरावीक कोनातच परत फिरतात. तो धडा मी परीक्षेत पर्याय म्हणून सोडला होता. पण त्या दिवशी मला वाटलं, पाइपांचे थर म्हणजे अणूंचेच थर, आणि आवाज ही सुद्धा लाटच.

गोष्ट अशी आहे. एकटा नळ आवाजाला अडवू शकत नाही. आवाज त्याला वळसा घालून पुढे जातो, थोडासा तेवढा मागे उसळतो. नळांची एक रांग लावली तरी तेच. पण त्या रांगेमागे बरोबर अर्ध्या लाटेच्या अंतरावर दुसरी रांग लावा. तिथून परतणारा आवाज जाऊन-येऊन एक पूर्ण लाट जास्त चालतो आणि पहिल्या रांगेवरून परतलेल्या आवाजाशी त्याचं पाऊल जुळतं. तिसऱ्या रांगेवरून येणाऱ्याचंही जुळतं, चौथीवरून येणाऱ्याचंही. लेझमीच्या मेळात सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं की जमीन हादरते, तसं परतणारं बळ वाढत जातं आणि पुढे जायला फारसं काही उरत नाही. दुसऱ्या उंचीचा आवाज आला तर परतणाऱ्यांची पावलं चुकतात, ते आपसातच मिटून जातात आणि आवाज सरळ पार होतो. म्हणजे अडते ती ठरावीक सुराच्या आसपासची पट्टी. माणसाचं बोलणं, ढोलकी, सायकलची घंटी, वारा, सगळं नळांमधून निघून जातं.

हे मी रात्रीच्या जेवणाला दादांना समजावून सांगितलं. ताटात भाकरीच्या तुकड्यांच्या रांगा लावल्या, मधून बोट फिरवलं. दादा मान डोलवत होते. “बराबर हाय,” ते म्हणाले. दादा माझं सगळंच असं मान डोलवून ऐकत. गेली दोन-तीन वर्षं त्यांनी माझं एकही वाक्य खोडलं नव्हतं, आणि मी समजत होतो की शिक्षणाचा मान म्हणतात तो हाच.

मालकाने शब्द पाळला. मी त्याच्या शेडमध्ये जाऊन पंख्याची पाती मोजली: चोवीस. मोटरच्या पट्टीवर फेरे लिहिलेले होते, त्यांचा सेकंदाला हिशेब केला तर तेही चोवीसच. म्हणजे सेकंदाला पाचशे शहात्तर फटके. आवाजाचा वेग त्याने भागला की लाट येते दोन फुटांची. मला इतका आनंद झाला, की मी तो आकडा दोन्ही पेनांनी लिहून ठेवला.

पाण्याच्या लाइनच्या कामावर टाकून दिलेले सिमेंटचे चार इंची नळ रस्त्याकडेला पडले होते, कडा फुटलेले. ते ढीग हटवायला कुणीतरी हवंच होतं. आमच्या पार्टीचे पेटीमास्तर, मूळचे मराठवाड्याचे आणि नोकरीने फिटर, माझ्या मदतीला आले. आम्ही दोघांनी अठ्ठेचाळीस नळ हातगाडीवरून आणले, बोळीत अठ्ठेचाळीस खड्डे खणले, नळ उभे केले, आत वाळू भरली, मुरूम ठोकला. आठ रांगा, रांगेत सहा नळ, दोन नळांमध्ये वीतभर फट. उद्घाटनाला मी एक छोटंसं भाषणही केलं. मग पलीकडे मालकाने बटण दाबलं.

शिट्टी आली. जशी रोज यायची तशीच आली. पटांगणात जमलेल्यांपैकी एक म्हातारी शांतपणे म्हणाली, “आता आणखी साफ येतंय की.”

पुढचे तीन दिवस मी कामावरून आलो की वही घेऊन बोळीत बसायचो. येणारे-जाणारे “सापडलं का हो?” असं विचारायचे, जसं काही माझी चावी हरवली होती. तिसऱ्या दिवशी पेटीमास्तरांनी खिशातून टेप काढली, दोन रांगांमधलं अंतर मोजलं आणि माझ्या वहीत डोकावलं.

“राव, लाट दोन फुटांची ना?”

“हो.”

“मग अर्धी लाट एक फूट. तुमच्या रांगा सहा इंचांवर हायेत. अर्धं दोनदा केलं का काय?”

केलं होतं. वहीत एका पानावर अर्धं केलं होतं आणि पान उलटून पुन्हा अर्धं केलं होतं. दिवसभर दुसऱ्यांची केसभर चूक धरणाऱ्या माणसाने अर्ध्या फुटाची चूक जमिनीत गाडून, वर मुरूम ठोकून ठेवली होती. पेटीमास्तर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी फक्त पहार उचलली.

दुसऱ्यांदा अठ्ठेचाळीस खड्डे खणून रांगा फुटाफुटावर आणल्या. जयंतीला तेव्हा बारा दिवस उरले होते. या वेळी मी भाषण केलं नाही. मालकाने बटण दाबलं, आणि पटांगणात कुणीतरी विचारलं, “लाईट गेली काय?” लाईट गेली नव्हती. बोळीच्या तोंडाशी हात धरला तर पंख्याचा गरम वारा लागत होता. शिट्टीच्या जागी नुसती गुणगुण उरली होती, दूर कुणीतरी पाणी तापवावं इतकी. पलीकडून मालक ओरडला, “न्हाई येत का?” आणि त्याचा प्रत्येक शब्द आम्हाला ऐकू आला.

मग काय विचारता. बायकांनी आपापल्या दारातून माझ्याकडे बोटं दाखवली. विहार समितीच्या चिटणीसांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की जयंतीला शाल आणि श्रीफळ देऊन माझा सत्कार करायचा. मी “छे छे, कशाला” म्हणालो आणि घरी येऊन आरशात बघून मान कितपत झुकवायची ते ठरवलं.

त्याच संध्याकाळी गायनपार्टीची तालीम होती. मी मुद्दाम पुढे बसलो. आता माझ्यामुळे पार्टीचं गाणं स्वच्छ ऐकू येणार होतं. दादांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. पेटीमास्तरांची बोटं पट्ट्यांवर उतरली आणि थांबली. सूर जुळत नव्हता. पुन्हा सुरुवात केली. या वेळी दादा आणखी खाली. तिसऱ्यांदा वर. कोरसमधले एकमेकांकडे बघू लागले.

“तुजी पेटी उतरलीया,” दादा चिडून म्हणाले.

“आसंल, आसंल,” पेटीमास्तर म्हणाले. “उद्या बघतो.”

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी दादा तालमीला गेलेच नाहीत. घसा बसलाय म्हणाले. मी पिंपरीच्या बाजारात जाऊन ज्येष्ठमध आणला, अडुळशाचा काढा आणला, मिठाच्या गुळण्यांवर व्याख्यान दिलं. घशात आवाज कसा तयार होतो त्याचं चित्र काढून दाखवलं. दादांनी काढा घेतला, गुळण्या केल्या, चित्र बघितलं. “यंदा मला गाया लावू नगा,” ते चिटणीसांना सांगून आले. “दुसरा कुणी बी गाईल.” बारा-तेरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, काही दुखतंय का बघ त्यांना. मी म्हणालो, ऋतू बदलतोय.

जयंतीला पाच दिवस उरले असताना मी कामावरून आलो तो थेट बोळीकडे गेलो. नळांना हात लावून बघायची मला सवय लागली होती. बोळीच्या तोंडाशी आलो आणि आतून दादांचं गाणं ऐकू आलं. तीच पहिली ओळ. सूर असा खणखणीत, की घसा बसल्याची कुणी शंकाही घेऊ नये. मी नळांच्या फटींतून अंग तिरकं करत आत शिरलो. आठव्या रांगेच्या पलीकडे, पंख्याच्या अगदी तोंडापुढे दादा उभे होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तिथे शिट्टी पूर्ण होती, कानात सुई घालावी तशी, आणि दादांचा सूर तिच्यावर तंतोतंत बसलेला. शिट्टीच्या बरोबर एक सप्तक खाली.

“दादा,” मी म्हणालो. मग मोठ्याने. मग ओरडून. मी हातभर अंतरावर होतो. दादा वळले नाहीत.

तेव्हा मला एकेक गोष्ट कळत गेली. रेडिओ इतका मोठा का लावतात. आई त्यांच्याशी बोलताना आधी समोर का जाते. आणि भाकरीच्या तुकड्यांपासून घशाच्या चित्रापर्यंत माझं प्रत्येक म्हणणं त्यांना का पटत होतं. तीन वर्षं मी एका बहिऱ्या होत चाललेल्या माणसाला आवाजाचं शास्त्र समजावून सांगत होतो आणि त्याची मान हलली की खूश होत होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी मला पंख्यापासून थोडं बाजूला ओढलं आणि सांगायला लागले. आपण किती मोठ्याने बोलतोय याचा त्यांना अंदाज नव्हता.

“घणानं घालवलं कान. ढोलकी कळती, पेटी न्हाई कळत. तीन वरसं झाली. ह्यो पंखा तेवढा यायचा. त्योच माजा सूर. हितनं उचलायचो, पेटीवाला मिळायचा.” मग थांबून म्हणाले, “तू म्हनलास पंखा बंद करतो. मला वाटलं, पोरगं नुसतं बोलतंय.”

मी म्हणालो, आपण नगरपालिकेच्या हॉस्पिटलात दाखवू. त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

“कुनाला सांगू नगंस. बहिऱ्याला गान्यात पुढं कोन बसवतं? एकदा उठवलं का उठवलंच.”

एवढं बोलून ते नळांमधून वाट काढत बाहेर गेले. मी तिथेच उभा राहिलो. समोर माझं आयुष्यातलं एकमेव यशस्वी काम आठ रांगांत उभं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिटणीसांकडे गेलो आणि म्हणालो, गणित चुकलंय. नळ पोकळ जमिनीत आहेत, मुलांच्या अंगावर पडतील. काढावे लागतील. चिटणीस म्हणाले, मग नंतर पुन्हा लावू. मी म्हणालो, नको, मुळात सिद्धान्तच चुकीचा आहे, शिट्टी गेली ती योगायोगाने. त्यांनी कार्यक्रमाचा कागद पुढे ओढला. “म्हणजे सत्कार रद्द?” “रद्द.” त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं, कारण वेळापत्रक आधीच लांबलं होतं.

पेटीमास्तर पहार घेऊन आले. का काढायचे, असं त्यांनी विचारलं नाही. सात रांगा काढून झाल्यावर म्हणाले, “एक राहू द्या. एका रांगेनं काय अडत न्हाई, तुम्हीच सांगितलं.” शिट्टी परत आली आणि त्याबरोबर वस्तीही माझ्यावर परत आली. अठ्ठेचाळीस खड्डे दोनदा खणायचे आणि पुन्हा बुजवायचे, यावर तिथल्या पोरांनी एक गाणं केलं होतं. चाल बरी होती.

दादा मात्र तालमीला गेले. मी त्यांना एवढंच सांगितलं, की नळ खचत होते. पहिली ओळ पहिल्या झटक्यात लागली.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की यंदा जयंती नेमकी कारखान्याच्या आठवड्याच्या सुट्टीवर आलीय. कारखाना बंद. पंखा बंद.

मालकासमोर जाऊन उभं राहताना माझी काय अवस्था झाली ते मीच जाणे. चार अर्ज त्याच्या टेबलावरच्या तारेत अजून खोचलेले होते.

“सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पंखा चालू ठेवाल का?” मी विचारलं. “दोन तास.”

मालक पाणी पीत होता, तो थांबला. “आधी बंद करा म्हणून चार कागद दिलंसा. मग नळ रोवलं. मग नळ उपाटलं. आन् आता सुट्टीचा पंखा लावा म्हनताय?”

“एक प्रयोग आहे.”

“कसला?”

“तापमानाचा,” मी म्हणालो.

त्याने तांब्या खाली ठेवला. “बरं. मी सोता येतो बटन दाबाया. ह्यो प्रयोग मला बघायचाच हाय.”

जयंतीच्या संध्याकाळी पटांगण भरलं होतं. निळ्या पताका, पांढऱ्या साड्या, पुढे सतरंज्यांवर मुलं. पाहुणे वक्ते मंचावर बसले होते. पाचला पंखा सुरू झाला आणि सगळीकडून कुरकुर सुरू झाली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा? “सायंटिस्ट, तुजं नळ कुठं गेलं?” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मी खाली बघत हसलो. दादांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि ओळ उचलली.

लागली. अशी लागली, की पेटीमास्तरांनी मान हलवून दाद दिली आणि ढोलकी येऊन मिळाली. मी श्वास सोडला. पहिलं कडवं झालं, दुसरं सुरू झालं. तेवढ्यात मी पाहिलं, की चिटणीस मंचावरून उतरून लगबगीने शेडकडे चाललेत. पाहुण्यांना त्रास होतोय म्हणून ते मालकाला पंखा बंद करायला सांगायला निघाले होते. मी उठलो, सतरंज्या तुडवत निघालो, एका बाईच्या पायावर पाय दिला, तिची माफी मागितली. तोवर उशीर झाला होता.

एवढा मोठा पंखा एकदम थांबत नाही. तो सावकाश मंदावतो, आणि त्याची शिट्टी घसरत खाली येते. दादा तिच्या बोटाला धरून गात होते. शिट्टी उतरली तसे दादाही उतरले. सूर हळूहळू, न तुटता, गोट्यासारखा खाली घरंगळत निघाला. कोरस वरच राहिला होता. दोन क्षण सगळं वाकडं ऐकू आलं. पुढे बसलेल्या एका पोराने तोंड वाकडं केलं. मी पटांगणाच्या मधोमध उभा होतो आणि मला वाटलं, आता दादा थांबतील, डोळे उघडतील, आणि सगळ्यांना कळेल.

दादा थांबले नाहीत. शिट्टी खूप खाली जाऊन विरून गेली, पण त्याआधीच दादांनी तिला सोडलं होतं. मूळ सुरापासून दोन पट्ट्या खाली ते एका जागी स्थिर झाले होते, आणि तिथे त्यांना ऐकू येत असेल तर फक्त ढोलकी. मी पेटीमास्तरांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. त्यांची बोटं पट्ट्यांवरून उचलली गेली, दोन घरं डावीकडे सरकली आणि दादांच्या सुराखाली जाऊन बसली. त्यांनी कोरसकडे एकदा नजर टाकली. सगळे त्यांच्यामागे खाली आले, एकामागून एक, आणि ध्रुवपद आलं तेव्हा सात-आठ आवाज दादांच्या सुरावर एकत्र पडले. वाकडं तोंड केलेला पोरगा टाळ्या वाजवायला लागला. शेवटच्या ओळीपर्यंत पेटी दादांच्या मागेमागे चालली.

माझ्या लक्षात आलं, की हे आज ठरलेलं नाही. एवढ्या सहज पट्टी बदलायला पूर्वीपासून तयारी लागते. पार्टीतल्या सगळ्यांना माहीत होतं. किती दिवस, किती वर्षं, ते मला कळायला मार्ग नव्हता. आवाजाचा अभ्यास केलेला एकच माणूस त्या पटांगणात होता, आणि माहीत नसलेलाही तोच एक होता.

कार्यक्रम संपल्यावर मी पेटीमास्तरांजवळ गेलो. ते भाता बंद करत होते.

“दुसऱ्या कडव्यात पट्टी बदललीत,” मी म्हणालो.

“कुठं बदलली?” त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. “पहिल्यापासून तीच होती, राव.” आणि पेटीवर कापड टाकलं.

मी आणि दादा घराकडे निघालो. रस्त्यात ओळखीचे लोक थांबून त्यांच्या हाताला हात लावत होते, यंदा लई भारी झालं म्हणत होते. दादा मान डोलवत होते. गर्दी मागे पडल्यावर त्यांनी माझा दंड धरला.

“मधीच पंखा बंद केला कुनीतरी. कळलं मला. म्हनलं आता काय खरं न्हाई.” ते थांबले. त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. “तू मापं काढतोस. तुला केसभर बी चुकलेलं कळतं. खरं सांग, सूर सोडला का म्या?”

मी त्यांच्यासमोर गेलो, तोंड दिसेल असा उभा राहिलो आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, “नाही दादा. कुठेच नाही सोडला.”